फॉर्मवरचा मी आणि खुर्चीतला मी

लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेचा निकाल लागला की पुण्यात शास्त्री रोड, नवी पेठ, सदाशिव पेठ या पट्ट्यात एक वेगळाच हंगाम सुरू होतो. अभ्यासिकेत महिनोन्‌महिने टी-शर्ट आणि स्लीपरवर बसणारी मुलं अचानक इस्त्रीच्या शर्टात दिसायला लागतात. बुटांना पॉलिश होतं. टपरीवर कटऑफऐवजी कुठल्या पॅनेलवर कोण बसतं याची चर्चा रंगते. एका फ्लॅटमध्ये कॉट बेसिसवर राहणाऱ्या चार-पाच जणांत मिळून एक ब्लेझर असतो. ज्याचा मॉक असेल त्याच्या अंगावर तो चढतो. मॉक म्हणजे मुलाखतीची रंगीत तालीम.

कॉलेजात मानसशास्त्र शिकवणं संपल्यावर मी अशा मॉक पॅनेलवर बसायला लागले. मधल्या खुर्चीत निवृत्त अधिकारी, त्यांच्या शेजारी एखादे विषयतज्ज्ञ, आणि कडेला मी. मुलांच्या भाषेत 'सायकॉलॉजीवाल्या मॅम'. माझ्याकडून अपेक्षा अशी की उमेदवार दार ढकलून आत आल्यापासून 'थँक यू सर' म्हणून बाहेर पडेपर्यंत त्याचे हात, डोळे, आवाज बघायचा आणि शेवटी 'कॉन्फिडन्स' नावाच्या रकान्यात दहापैकी गुण टाकायचे. हा रकाना मला पहिल्यापासून खटकत आला आहे. का खटकतो, ते सांगायचं म्हणून हे लिहितेय. मुलामुलींचे तपशील ओळखू येणार नाहीत इतपत बदलले आहेत.

मॉकच्या आधी मी प्रत्येकाकडून एक छोटा फॉर्म भरून घेते. मॉरिस रोझेनबर्ग या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने तो न्यूयॉर्क राज्यातल्या हायस्कूलच्या मुलामुलींसाठी तयार केला आणि १९६५ मध्ये त्यावरचं पुस्तक काढलं. दहा विधानं, प्रत्येकापुढे चार पर्याय, पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत. पाच विधानं स्वतःच्या बाजूची: आपल्यात काही गुण आहेत, आपण इतरांच्या बरोबरीचे आहोत, या धर्तीची. पाच उलटी: आपण फुकट गेलो, आपल्याकडे अभिमान वाटावा असं काही नाही, अशा आशयाची. शून्य ते तीन गुण धरले तर बेरीज ३० पैकी. आत्मसन्मान मोजण्यासाठी जगभर हीच पट्टी सगळ्यात जास्त वापरली जाते. साधी आहे, फुकट आहे आणि पाच मिनिटांत उरकते.

फॉर्म भरून घेण्यापेक्षा तो भरताना बघण्यात मला जास्त रस असतो. सरळ विधानांवर पेन सरसर चालतं. उलट्या विधानापाशी ते थबकतं, कागदावर टेकतं, उचललं जातं. एका मुलाने फॉर्म हातात देता देता विचारलं, "मॅम, हे क्लासच्या फाइलला लागणार का?" नाही, माझ्याकडेच राहील, म्हटल्यावर तो म्हणाला, "मग एक मिनिट द्या," आणि उभ्या उभ्या दोन खुणा बदलल्या. दोन्ही खालच्या बाजूला.

तरी हा फॉर्म मी टाकाऊ मानत नाही. माणूस स्वतःबद्दल जाणीवपूर्वक काय म्हणतो, याला वजन असतं. ज्यांची बेरीज जास्त येते ती माणसं सरासरीने आयुष्याबद्दल अधिक समाधानी असतात, उदासीच्या तक्रारी कमी करतात, हे अनेक देशांत पुन्हा पुन्हा आढळलं आहे. मात्र एड आणि मारिसा डीनर यांनी १९९५ मध्ये ३१ देशांतल्या कॉलेज विद्यार्थ्यांची माहिती तपासली तेव्हा एक गोष्ट दिसली: आत्मसन्मान आणि समाधान यांची गाठ सगळीकडे सारखी घट्ट नाही. जिथे माणूस स्वतःच्या नावाने जगतो तिथे ती पक्की, जिथे तो घराच्या, जातगोताच्या नावाने जगतो तिथे सैल. आमच्या पट्ट्यातली मुलं दोन्हीकडे एकेक पाय ठेवून असतात. फॉर्म स्वतःच्या नावाने भरतात आणि परीक्षा गावाच्या नावाने देतात.

आता दुसरी बाजू. आपण स्वतःबद्दल जे म्हणतो त्याच्या खाली, विचार करायला सवड मिळण्याआधीच उमटणारं असं काही असतं का? बेल्जियममधले मानसशास्त्रज्ञ योझेफ नुटिन यांना म्हणे रस्त्यावरच्या गाड्यांच्या नंबरप्लेट बघताना जाणवलं की आपल्या नावातली अक्षरं असलेल्या पाट्या आपल्याला जरा बऱ्या वाटतात. १९८५ मध्ये त्यांनी प्रयोगाने दाखवलं की लोकांना सुट्या अक्षरांची आवड-निवड विचारली तर स्वतःच्या नावातली अक्षरं ते अधिक पसंत करतात, आणि आपण असं करतोय याचा त्यांना पत्ताही नसतो. माणसाचा स्वतःविषयीचा जिव्हाळा असा नकळत आजूबाजूच्या वस्तूंवर सांडतो. हे वाचल्यापासून मी फॉर्मवरच्या सह्या बघायला लागले. कोण आद्याक्षर ऐसपैस काढतो, कोण पूर्ण नाव एका रेघेत संपवतो. त्यातून निष्कर्ष काढत नाही. पण बघायची खोड लागली ती लागलीच.

नेणिवेतल्या आत्मसन्मानाला शास्त्रात रीतसर जागा मिळाली ती १९९५ मध्ये, अँथनी ग्रीनवाल्ड आणि महजरीन बानाजी यांच्या एका दीर्घ लेखामुळे. बानाजी सिकंदराबादेत वाढलेल्या पारशी बाई. हैदराबादच्या निजाम कॉलेजात शिकून अमेरिकेला गेलेल्या. पुढे १९९८ मध्ये ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी जी संगणक चाचणी काढली, तिचीच आत्मसन्मानाची आवृत्ती २००० साली आली. पडद्यावर एकामागून एक शब्द येतात. एका फेरीत 'मी', 'माझं' यांच्यासाठी आणि गोड शब्दांसाठी एकच बटण असतं; दुसऱ्या फेरीत 'मी' आणि कडू शब्द एका बटणावर. कुठल्या फेरीत बोटं अडखळतात आणि किती, ते सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजलं जातं. बहुतेक माणसांची बोटं 'मी' आणि 'चांगलं' या जोडीवरच भरभर चालतात. फरक असतो तो किती भरभर, याचा.

ही चाचणी मी उमेदवारांना देत नाही. 'मॅम, तुम्ही लॅपटॉपवर मनातलं ओळखता ना?' असं विचारत येणारे येतात, त्यांना परत पाठवते. कारण सांगते. २००० सालीच जेनिफर बॉसन, विल्यम स्वॉन आणि जेम्स पेनबेकर यांनी नेणिवेतला आत्मसन्मान मोजणाऱ्या अनेक चाचण्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. त्या एकमेकींशी जेमतेमही जुळेनात. त्यांनी आपल्या लेखाच्या शीर्षकातच आंधळे आणि हत्तीची आपली गोष्ट घातली. २०११ मध्ये स्वॉन यांच्याच गटाने पुढे जाऊन म्हटलं की सर्वांत लोकप्रिय दोन चाचण्या बहुधा आत्मसन्मान मोजतच नाहीत. अशा साधनाच्या जोरावर कुणा पोराला 'तू वरून कणखर, आतून पोकळ आहेस' असं सांगणं मला तरी पाप वाटतं. पण मोजपट्टी वाकडी निघाली म्हणून कापड नाहीसं होत नाही. माणसाच्या बोलण्यात आणि प्रतिक्षिप्त वागण्यात अंतर असतं, ते खुर्चीत बसलेल्या माणसात मला रोज दिसतं.

लातूरकडचा एक मुलगा होता. इंजिनिअर, मुख्य परीक्षा पूर्वीही दिलेली. फॉर्मवर जवळपास पैकीच्या पैकी. त्याचा ब्लेझर स्वतःचा होता आणि कोरा करकरीत. नव्या ब्लेझरचे खिसे दुकानातून शिवलेलेच येतात. त्याने ते उसवले नव्हते. उभं राहून स्वतःची ओळख करून देताना त्याचा उजवा हात खिसा शोधत होता, बोटं शिवणीवरून आडवी फिरत होती आणि वर आवाज मात्र खणखणीत. "सर, मी निर्णयक्षम आहे. दबावाखाली काम करू शकतो." अधिकारी साहेबांनी मधल्या रिकाम्या वर्षांबद्दल विचारलं. उत्तर पाठ होतं, छान होतं. साहेब म्हणाले, "उत्तर चांगलं आहे तुमचं. जरा लांबलं." वाक्याचा पूर्वार्ध त्याच्या कानात शिरलाच नाही. "सर, मुद्दाच तेवढा मोठा आहे," तो म्हणाला, आणि मग मुद्दा मोठा का आहे यावर आणखी बोलला. मानेवर लाली चढली होती.

मॉकमध्ये आम्ही उमेदवाराला 'तुम्ही' म्हणतो. दाराबाहेर आल्यावर मी 'तू'वर येते. मी त्याला विचारलं, "साहेबांनी कौतुक केलं ते ऐकलंस का?" "कधी?" खरोखरच त्याने ऐकलं नव्हतं. थोड्या वेळाने चहा घेताना स्वतःहून म्हणाला, "मॅम, मला कुणी काही सुचवलं की झडती चाललीय असं वाटतं." पुढे तीन-चार बैठकांत बाकीचं आलं. घरी मोठा भाऊ, त्याच्याशी लहानपणापासून तुलना. बारावीला जिल्ह्यात नाव. मग इंजिनिअरिंगला एक बॅक. ही हकिगत सांगताना तो तिसऱ्या माणसाची सांगतोय अशी सांगत होता.

क्रिश्चन जॉर्डन आणि त्यांच्या कॅनडातल्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशा माणसांविषयी लिहिलं. जाणिवेत आत्मसन्मान उंच, नेणिवेत मात्र खाली, अशी ज्यांची जोडी आहे ती बचावाच्या पवित्र्यात जास्त असतात: टीका लागते, आपलाच निर्णय बरोबर ठरवण्याची घाई असते, आपल्या गटाचा कैवार चटकन घेतला जातो. त्याच लेखात अशी माणसं आत्मप्रेमी, नार्सिसिस्ट असतात असंही निघालं होतं. तो भाग पुढच्या पाहण्यांत तितकासा टिकला नाही. मला तो कधी पटलाही नव्हता. लातूरचा मुलगा स्वतःच्या प्रेमात नव्हता. स्वतःच्या वतीने सतत वकिली करत होता, आणि वकिली रात्री झोपताना सुद्धा थांबत नसे. आजचं उत्तर मनात पुन्हा पुन्हा देत तो दोन-दोन वाजेपर्यंत जागा राही. व्यक्तिगत स्वास्थ्य असं आपण म्हणतो, त्याचा हिशेब मला अशाच ठिकाणी लागतो. झोप, भूक, घरी केलेला फोन, मित्राचा निकाल ऐकून पोटात काय होतं ते. फॉर्मवर तो सुखी होता.

उलट बाजूचं उदाहरण एका मुलीचं. रत्नागिरी जिल्ह्यातली, बोलायला मृदू. फॉर्मवर तिची बेरीज त्या तुकडीत सगळ्यात खाली होती. कारण विचारलं तर, "माझ्यात काही विशेष नाही हो मॅम, इथे सगळेच हुशार आहेत." मॉकमध्ये विषयतज्ज्ञांनी बोलता बोलता एका घटनादुरुस्तीचं वर्ष चुकीचं सांगितलं. खोलीत कोणी काही म्हणालं नसतं. तिने आवाज न वाढवता, नजर न हटवता बरोबर वर्ष सांगितलं, आणि पुढचं उत्तर सुरू केलं. 'सॉरी सर' नाही, 'मला वाटतं' नाही. मान ताठ, हात मांडीवर स्वस्थ. फॉर्म भरणारी मुलगी आणि ही मुलगी एकच आहे, यावर विश्वास बसेना.

आता यात गोची अशी की तिच्या फॉर्मवरची बेरीज म्हणजे कमी आत्मसन्मान की चांगले संस्कार? आपल्याकडे मुलीने स्वतःची स्तुती करायची नाही, हे दूध पाजताना शिकवतात. जपानी लोकांबद्दल असाच प्रश्न पडला होता. फॉर्मवर ते अमेरिकनांपेक्षा बरेच खाली असतात. पण शिनोबू कितायामा आणि मायुमी कारासावा यांनी १९९७ मध्ये दाखवलं की जपान्यांनाही आपल्या नावातली अक्षरं आणि जन्मतारखेचे आकडे इतरांपेक्षा प्रिय असतात. २००७ मध्ये सुसुमू यामागुची यांच्या गटाने जपान, चीन आणि अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांत नेणिवेतला आत्मसन्मान तपासला; तिन्हीकडे तो आपल्या बाजूचाच निघाला. म्हणजे विनय जिभेवर असतो, खाली माणूस स्वतःला धरून असतो.

हे वाचून मला बरं वाटलं होतं. म्हटलं, रत्नागिरीच्या मुलीचं ठीकच आहे की मग. आत दम आहे, वर नम्रता. तिच्या सहवासात आल्यावर दिसलं की प्रकरण तेवढं सोपं नाही. ती स्वतःला कमी म्हणे, आणि समोरच्याने ते खरं मानलं की तिला राग येई. गटचर्चेत 'तू नोट्स काढ, बोलायचं आम्ही बघतो' असं मुलं सहज म्हणत, कारण तिनेच तसं म्हणायची सवय लावली होती. नोट्स ती काढी, आणि रूमवर जाऊन न जेवता झोपे. राग काढायचा तरी कुणावर? तिच्याच शब्दांवर ते चालले होते. डोकेदुखी, पित्त, मध्येच ताप. मेसची काकू म्हणे, "हिला काही तरी लागलंय." जर्मनीत मिकेला श्रोडर-आबे आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हेच तपासलं आहे. वरचा आणि आतला आत्मसन्मान ज्यांचा जुळत नाही, मग तो कुठल्याही दिशेने न जुळो, ती माणसं राग गिळणारी, अस्वस्थ राहणारी आणि तब्येत बिघडलेले दिवस जास्त सांगणारी निघाली. आतला आत्मसन्मान उंच असणं एवढ्यानेच भागत नाही. तो तोंडावाटे बाहेर यायला वाट नसेल तर त्याचाच त्रास होतो, असं मी माझ्यापुरतं समजते.

'कॉन्फिडन्स'च्या रकान्यावर माझा राग आहे तो या दोघांमुळे. लातूरच्या मुलाला त्या रकान्यात आठ मिळाले, रत्नागिरीच्या मुलीला सहा. आठवाला रात्रभर जागा आणि सहावाली दिवसभर आजारी.

क्लासवाल्यांचं गणित वेगळं. त्यांच्या लेखी आत्मविश्वास ही वाढवायची वस्तू, आणि ती वाढवायच्या कार्यशाळेची फी वेगळी. आरशासमोर उभं राहून 'मी यशस्वी होणारच' असं सकाळी म्हणायला सांगतात. एका अभ्यासिकेच्या बाथरूममधल्या आरशावर मार्करने तसं लिहिलेलंच होतं. त्याखाली कुणीतरी 'पाणी बंद करा' असं लिहून वास्तवात आणलं होतं. जोॲन वूड यांच्या २००९ मधल्या प्रयोगात ज्यांचा आत्मसन्मान आधीच कमी होता, त्यांना स्वतःविषयी असं गोड वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावल्यावर आणखीच वाईट वाटलं. ज्यांना गरज नव्हती त्यांना किंचित बरं वाटलं. मला यात नवल वाटत नाही. मनाला न पटणारं वाक्य म्हटलं की न पटण्याची सगळी कारणं एका दमात आठवतात. कॅलिफोर्निया सरकारने १९८६ मध्ये आत्मसन्मान वाढवण्यासाठी चक्क एक टास्क फोर्स नेमला होता. मुलांचा आत्मसन्मान वाढला की गुन्हेगारीपासून व्यसनापर्यंत सगळं आटोक्यात येईल, अशी आशा. रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तोवरचं सगळं संशोधन चाळून सांगितलं की आत्मसन्मान वाढवल्याने मार्क वाढतात याला पुरावा नाही. आनंदी असण्याशी मात्र त्याचं नातं दिसतं. मार्क वाढले की आत्मसन्मान वाढतो, हे आपण रोज बघतोच. आमच्या पेठेत तर निकालाच्या दिवशी ते रस्त्यावर गुलालासकट दिसतं.

खरा घोळ त्या गुलालाशी आहे. विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच आत्मसन्मानाचा अपूर्णांक मांडून ठेवला: वर यश, खाली अपेक्षा. अपूर्णांक वाढवायचा तर यश वाढवा किंवा अपेक्षा कमी करा. राज्यसेवेच्या मुलांचा छेद त्यांच्या हातात नसतो. तो गावच्या पारावर ठरतो. 'आमचा पोरगा कलेक्टर होणार' असं एकदा चुलत्याने लग्नात सांगितलं की छेद तिथे कायमचा बसला. खुल्या गटातल्या उमेदवाराला वयाची मर्यादा ३८, म्हणजे ऐन उमेदीची सगळी वर्षं त्याच छेदाखाली. जेनिफर क्रॉकर यांनी मिशिगनमध्ये पदव्युत्तर प्रवेशाची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यांकडून त्या काळात वेळोवेळी आत्मसन्मानाचा फॉर्म भरून घेतला. ज्यांची किंमत अभ्यासातल्या यशावर टांगलेली होती, त्यांचा आत्मसन्मान स्वीकाराचं पत्र आलं की उसळे आणि नकार आला की कोसळे.  बाकीच्यांची पातळी तेवढी हलली नाही. हा २००२ चा लेख मी आमच्या एका पॅनेलमधल्या साहेबांना सांगितला. ते म्हणाले, "यात काय, आमच्या वेळीही असंच होतं." असेल. त्यांच्या वेळी निकाल पेपरात यायचा आणि दोन दिवसांनी विसरला जायचा. आता यादी पीडीएफमध्ये येते, शोधचौकटीत नाव टाकलं की अर्ध्या सेकंदात 'नो रिझल्ट्स', आणि तो स्क्रीनशॉट गावच्या ग्रुपवर आपल्या आधी पोचलेला असतो.

किंमत निकालावर टांगलेली मुलं मला कशी ओळखू येतात? दिवाळीला घरी जात नाहीत. 'अभ्यास आहे' म्हणतात. मामेबहिणीचं लग्न टाळतात. मानसशास्त्रज्ञ मार्क लिअरी यांचं म्हणणं असं की आत्मसन्मान हा मुळात आपल्याला माणसांत धरून ठेवलंय की सोडलंय, हे दाखवणारा काटा आहे. या मुलांचा काटा खाली गेलेला असतो आणि तो वर न्यायची जागा, म्हणजे माणसं, तीच ती टाळत असतात.

मग मी करते काय? फार थोडं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा विचार मला या कामात सगळ्यात उपयोगी पडला, मराठीत कि. मो. फडके यांनी तो रुजवला. एलिस म्हणत की माणसाला एकूण गुण देणं हाच मूळ घोटाळा आहे, जास्त दिले तरी आणि कमी दिले तरी. कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका. ऐकायला सोपं, आणि गुणवत्ता यादीवर जगणाऱ्या मुलाला सांगायला अतिशय अवघड. "मॅम, आयोग माणसालाच मार्क देतो," असं एकाने मला ऐकवलं होतं. मी म्हटलं, "अर्ध्या तासाला देतो." तो हसला, पटलं नव्हतं.

म्हणून मी समजावण्यापेक्षा सवयींपाशी थांबते. लातूरच्या मुलाला एकच सांगितलं होतं: पॅनेलने काही म्हटलं की उत्तर द्यायच्या आधी ते वाक्य मनात पूर्ण म्हण, पूर्वार्धासकट. आधी चिडला. मग मॉकमागून मॉक करताना एकदा साहेब म्हणाले, "माहिती अपुरी आहे, पण प्रामाणिकपणा आवडला," आणि हा "थँक यू सर, वाचून घेतो," म्हणून थांबला. थांबला हे विशेष. त्या दिवशी त्याच्या ब्लेझरचे खिसे उसवलेले होते की नाही, मी बघायचं विसरले. रत्नागिरीच्या मुलीला उलटं: स्वतःला कमी लेखणारं वाक्य तोंडात आलं की ते पूर्ण न करता तिथेच सोडायचं. 'माझ्यात काही...' एवढ्यावर थांब. तिच्या मैत्रिणींना याची इतकी गंमत वाटायला लागली की त्या ते वाक्य तिच्यासाठी पूर्ण करायच्या, आणि दरवेळी वेगळं. मॉन्ट्रिअलमध्ये जोडीन बॅकस आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये संगणकावर एक खेळ केला होता: माणसाची स्वतःची माहिती पडद्यावर आली की मागोमाग हसरा चेहरा यायचा. तेवढ्याने नेणिवेतला आत्मसन्मान वर सरकलेला दिसला. मोजमापाच्या शंका इथेही आहेतच, आणि तो परिणाम किती टिकतो हा प्रश्न वेगळा. पण त्या मैत्रिणींनी नकळत तोच खेळ मांडला होता, आणि हसरे चेहरे खरे होते.

तिचं पुढे पोस्टिंग झालं. मुलाचं नाही झालं. तो आता त्याच पट्ट्यात भूगोल शिकवतो, चांगला शिकवतो. फॉर्मवर हल्ली त्याची बेरीज पूर्वीपेक्षा कमी येते; हे त्यानेच मला हसत दाखवलं. झोप विचारली तर म्हणाला, "साडेदहाला लागते मॅम, सहाला बॅच असते."

राज्यसेवेची पद्धत बदलली, मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आणि मुलाखतीचे गुण १०० वरून २७५ वर गेले, तेव्हापासून 'कॉन्फिडन्स' कार्यशाळांना ऊत आला आहे. पत्रकं टपरीच्या बाकांवर पडलेली असतात. मी ओळखीच्या क्लासेसना एकच मागणं करते आहे: मुलाखतीच्या आधी मला दोन तास कमी द्या, आणि निकालानंतरच्या आठवड्यात, यादीत नाव नसलेल्यांसाठी, एक खोली आणि थोडा वेळ द्या. त्या आठवड्यात क्लासमध्ये सत्काराची गडबड असते. हार, बॅनर, यशस्वी उमेदवारांची भाषणं. नाव नसलेली मुलं जिन्यावरून परत जातात. एका क्लासने होकार दिला आहे. खोली वरच्या मजल्यावरची, झेरॉक्स मशीनच्या शेजारची. सत्काराच्या दिवशी लाउडस्पीकर कुठल्या दिशेने लावायचा, यावर मालकांशी अजून बोलणं चालू आहे.